बुद्ध पौर्णिमेची रात्र, गुगामलचं मचाण आणि त्याआधीचे कागद

बुद्ध पौर्णिमेच्या रात्री मेळघाटात मचाणावर बसायला मिळतं, हे मी कितीतरी वर्षं पेपरात वाचत होते. बातमी यायची ती रात्र उलटून गेल्यावर. इतकी अस्वलं दिसली, इतके गवे दिसले, एवढंच त्यात असायचं. अर्ज कधी निघतो, कोण भरू शकतं, रात्रभर वर बसायचं म्हणजे नेमकं काय करायचं, पन्नाशीतल्या बाईला ते झेपतं का, लघवीला जायचं झालं तर काय, हे मात्र कुठेच सापडायचं नाही. २३ मे २०२४ ला मी आणि माझा भाचा तिथे बसून आलो. जाण्याआधी जे जे शोधत होते, ते सगळं इथे क्रमाने लिहिते आहे.

आधी थोडं जागेबद्दल. मेळघाट म्हणजे सातपुड्याची दक्षिणेकडची गाविलगडाची रांग. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा देशात पहिले नऊ निवडले गेले, त्यांत महाराष्ट्रातला हा एकच होता. गुगामल राष्ट्रीय उद्यान हा त्याचा गाभा, क्षेत्र सुमारे ३६१ चौरस किलोमीटर. ताडोबाला जाऊन आलेल्यांना इथे वेगळं वाटतं, कारण सपाट रस्ता आणि त्याच्या कडेला पहुडलेला वाघ असं इथे नसतं. एकामागून एक डोंगरधारा, मध्ये खोल दऱ्या, काळा बसाल्ट आणि साग. पाऊस भरपूर पडतो, पण उतारांमुळे पाणी धावत खाली निघून जातं. सिपना, खंडू, खापरा, गाडगा, डोलार या नद्या ते तापीला नेऊन देतात. मे महिन्यात ओढे कोरडे पडतात आणि उरतात ते नदीतले डोह आणि वन विभागाने बांधलेले पाणवठे. सागाची पानंही तोवर गळालेली असतात, त्यामुळे लांबवर दिसतं. पाणी मोजक्याच जागी, पानं नाहीत आणि वर पूर्ण चंद्र, म्हणून ही रात्र निवडलेली.

पूर्वी याला प्राणीगणना म्हणत. आता अधिकृत नाव ‘निसर्गानुभव’ आहे आणि तेच बरोबर आहे. एका रात्री पाणवठ्यावर आलेले प्राणी मोजून जंगलातली संख्या ठरत नाही. वाघांची मोजणी २००६ पासून देशभर दर चार वर्षांनी कॅमेरा ट्रॅपच्या, म्हणजे जंगलात लावलेल्या आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांच्या आधाराने होते. २०२२ च्या मोजणीत महाराष्ट्रातले ४४४ वाघ निघाले, तेही त्याच पद्धतीने. आपण जातो ते बघायला आणि नोंद ठेवायला.

मी पुण्यात महापालिकेच्या शाळेत शिकवते. मे महिन्याची सुट्टी असली तरी त्या वर्षी लोकसभा निवडणूक होती. पुण्याचं मतदान १३ मे ला, मला केंद्रावर ड्यूटी. मतमोजणी ४ जूनला, तिचा आदेश येतो की नाही हे शेवटपर्यंत ठरत नव्हतं. म्हणून एप्रिलमध्येच मुख्याध्यापकांकडे मुख्यालय सोडण्याच्या परवानगीचा अर्ज दिला, त्यात २१ ते २५ मे अशा तारखा लिहिल्या आणि पोच घेतली. सरकारी किंवा निमसरकारी नोकरी असेल तर हे सगळ्यात आधी करा. मचाणाचं बुकिंग आयत्या वेळी दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही आणि न गेल्यास पैसे परत मिळत नाहीत.

बुकिंग ऑनलाइन असतं. ते उघडल्याची बातमी बहुधा विदर्भातल्या पेपरांच्या अमरावती, अकोला आवृत्त्यांत आधी येते. अमरावतीला राहणाऱ्या मावसबहिणीला मी सांगूनच ठेवलं होतं. तिचा फोन आला त्या संध्याकाळीच आम्ही दोघं लॅपटॉपसमोर बसलो. फॉर्ममध्ये नाव आधार कार्डावर असतं अगदी तसंच लागतं. भाच्याच्या कार्डावर वडिलांचं पूर्ण नाव आहे, माझ्यावर फक्त आद्याक्षर, म्हणून कार्डं शेजारी ठेवूनच टाइप केलं. वय, रक्तगट, तातडीच्या प्रसंगी कोणाला कळवायचं त्याचा नंबर, फोटो, ओळखपत्र. मग विभाग आणि वनपरिक्षेत्र निवडायचं. पुढची स्क्रीन उघडेपर्यंत जागा कमी होताना दिसत होत्या. गुगामल वन्यजीव विभागात दोघांसाठी एक मचाण मिळालं. कोणतं मचाण ते तिथे गेल्यावर चिठ्ठीने ठरतं, ते निवडता येत नाही.

पैसे भरताना अडलं. खात्यातून रक्कम वळती झाल्याचा मेसेज आला, पण पावती आलीच नाही. बुकिंग हातचं जाईल म्हणून लगेच दुसऱ्या खात्यातून पुन्हा भरले आणि पावती आली. त्याच रात्री दोन्ही व्यवहारांचे क्रमांक, वेळ आणि स्क्रीनशॉट जोडून बँकेला ईमेल केला. बँकेचं उत्तर आलं की चौकशी सुरू आहे, थांबा. थांबले.

चार दिवसांनी सूचनांची पत्रिका आणि हमीपत्र मेलवर आलं. हमीपत्रात लिहिलेलं असतं की मी स्वेच्छेने जात आहे, सूचना पाळेन, वन्यप्राण्यामुळे किंवा अन्य कारणाने काही इजा झाल्यास वन विभाग जबाबदार राहणार नाही. भाच्याने ते वाचताच सही केली. मी कागद दोन दिवस टेबलावर ठेवला होता. जंगलाची हौस आहे, पण मला अंधाराची भीती वाटते आणि ती लहानपणापासूनची आहे. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “अगं, भीती वाटते तर नको जाऊस, आणि जायचंय तर भीती वाटते म्हणून थांबू नकोस.” सही केली. डॉक्टरांकडून साध्या कागदावर तब्येत ठीक असल्याचं लिहून घेतलं. पत्रिकेत ते मागितलेलं नव्हतं, पण गुडघ्यांचं दुखणं असल्यामुळे मला स्वतःलाच खात्री हवी होती. त्यांनी शिडी चढण्यासाठी रोज जिना चढायला सांगितलं आणि मांडी घालून बसण्याऐवजी पाय लोंबकळत ठेवण्याची सोय आहे का ते बघायला सांगितलं.

सामानात सूचनेप्रमाणे मातकट किंवा हिरवट कपडे, पूर्ण बाह्या, बंद बूट. अत्तर, सुगंधी तेल, पावडर नाही. माझ्याकडून काही गोष्टींची भर घाला. टॉर्चवर लावायला लाल जिलेटिन कागद, कारण पांढरा उजेड लांबून दिसतो. प्रत्येकी चार लिटर पाणी. बसायला जाड उशी. पातळ शाल, कारण दिवसा ४४ अंश असलं तरी पहाटे दरीत गारवा येतो. लांब मोजे, कारण गोचीड. खडखड न वाजणारे खाद्यपदार्थ, म्हणजे वेफर्सची पाकिटं नकोत, दशम्या आणि गूळ-शेंगदाणे चालतील. आणि बायकांसाठी अगदी स्पष्टच लिहिते, औषधाच्या दुकानातून प्रौढांचे डायपर घ्या. संध्याकाळी वर चढल्यावर सकाळपर्यंत खाली उतरता येत नाही, मचाण उघडं असतं आणि सोबत वन विभागाचा माणूस असतो. पाणी न पिणं हा उपाय नाही, उन्हाळ्यात ते जिवावर बेतू शकतं. मी चढण्याआधी झाडामागे जाऊन कपडे बदलून आले आणि रात्रभर मोकळ्या मनाने पाणी प्यायले. मुलग्यांचं सोपं असतं, त्यांना रिकामी बाटली पुरते.

२१ मे ला रात्री पुण्याहून रेल्वेने बडनेरा, तिथून अमरावती, आणि एसटीने परतवाडा. अमरावती ते परतवाडा साधारण ५० किलोमीटर. महिलांना एसटीत अर्धं तिकीट असल्यामुळे हा टप्पा स्वस्तात झाला. मुक्काम परतवाड्यात केला आणि तसाच करा असं सांगेन. त्याच दिवशी प्रवास करून थेट जंगलात जाणं मे महिन्यात अंगावर येतं. २२ तारखेला दुपारी एक ते पाच खोलीतून बाहेर पडायची हिंमत झाली नाही. लॉजच्या मालकांनी दोघांच्या गळ्यात ओले दुपट्टे घालायला लावले आणि जेवणात कच्चा कांदा वाढला. “पुण्यावाल्यांना आमचं ऊन माहीत नाही राहत,” असं ते मायेने म्हणाले.

२३ ला सकाळी नागपूरच्या एका जोडप्याबरोबर जीप केली, चौघांत भाडं वाटून घेतलं. परतवाड्याहून धारणीकडे जाणारा रस्ता बिहालीनंतर घाटात शिरतो, मग घटांग, सेमाडोह, पुढे कोलकास, हरिसाल. मी मेळघाट पावसाळ्यात चिखलदऱ्याहून पाहिलेला होता, धुक्यातला. हा मेळघाट वेगळाच होता. डोंगरांवर पान नाही, नुसती खोडं उभी. त्यांत मध्येच बहावा पिवळा फुललेला आणि कांडोळाची पांढरी झाडं हाडांसारखी. पानं नसल्यामुळे डोंगराचे सगळे कंगोरे उघडे पडलेले, कडे किती सरळ तुटलेत ते दिसत होतं. सेमाडोहला सिपनेच्या डोहात पाणी होतं, त्यावर म्हशी आणि पोरं. चहा घेतला आणि बारा वाजायच्या आत वनपरिक्षेत्र कार्यालयात पोहोचलो.

तिथला क्रम असा. आधार कार्ड, पावती आणि हमीपत्राच्या दोन प्रती दाखवायच्या, रजिस्टरमध्ये सही. कार्यालयात झेरॉक्सची सोय नसते, प्रती घरूनच न्या. दारू, तंबाखू, काडेपेटी नाही ना, हे बघायला बॅगा उघडून पाहतात. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम, त्यामुळे काडेपेटीबाबत ते फार कडक असतात आणि असायलाच हवं. मोबाइल बंद करून बॅगेत तळाशी. मग चिठ्ठी काढली आणि मचाण ठरलं. मांडवात जेवण होतं, गावातल्या बचत गटाच्या बायकांनी केलेलं, भाकरी, वांग्याची भाजी, वरण. रात्रीचा डबाही त्याच बांधून देतात.

वनक्षेत्रपाल साहेबांनी अर्धा तास माहिती दिली, ती मला फार आवडली. प्रत्येकाला एक तक्ता देतात. वेळ, प्राणी, नर, मादी, पिल्लू, एकूण, शेरा असे रकाने. त्यांनी सांगितलं की तोच कळप पुन्हा आला असं वाटलं तर पुन्हा मोजू नका, शेऱ्यात लिहा. खात्री नसेल तर ‘अनोळखी’ लिहा. काही आलं नाही तर काही आलं नाही असं लिहा. “कोऱ्या तक्त्याची आम्हाला लाज नाही, तुम्हालाही नको,” हे त्यांचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. एकाने विचारलं, वाघ नक्की दिसेल असं मचाण कोणतं? ते म्हणाले, “वाघाला आम्ही बुकिंगची यादी देत नाही.” सगळे हसले आणि वातावरण जरा सैल झालं.

तीन वाजता गाड्या निघाल्या. प्रत्येक मचाणावर एक वन कर्मचारी किंवा गावातला माहीतगार माणूस असतो. आमच्याबरोबर कोरकू आदिवासी समाजातले एक दादा होते, साधारण माझ्याच वयाचे, उन्हाळ्यात अंगारी म्हणजे वणव्याचे राखणदार म्हणून जाळरेषांवर, वणवा अडवायला मोकळ्या केलेल्या पट्ट्यांवर, काम करणारे. वाटेत एक मोकळं माळरान लागलं, मधोमध आंब्याची आणि चिंचेची जुनी झाडं. मी विचारलं, इथे गाव होतं का? “होतं ना ताई. आता पलीकडं गेलं, शेतीच्या भागात.” मेळघाटातून पुनर्वसन झालेल्या पहिल्या गावांत कोहा, कुंड, बोरी ही नावं मी वाचलेली होती. पुढेही बरीच गावं उठली. जिथे शेतं होती तिथे गवत वाढलं आणि त्या गवतावर आज गवे चरतात. त्या झाडांकडे पाहताना दादा एवढंच म्हणाले की चिंच अजून धरते. मी पुढे काही विचारलं नाही. पण जंगल पाहायला येणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं. ही शांतता कोणीतरी घर उचलून दिलेली आहे.

गाडीने सोडल्यावर वीस मिनिटं चालावं लागलं, उताराने. वाट मुरमाची आणि घसरडी. काठी बरोबर ठेवा, मला दादांनी बांबूची तोडलेली काठी दिली. आमचा पाणवठा दोन धारांमधल्या अरुंद दरीत होता, सिमेंटची बशी, सौर पंपावर भरलेली. मचाण त्यापासून पन्नास-साठ पावलांवर, लोखंडी खांबांचं, वर फळ्या, कडेने हिरवी जाळी आणि पळसाच्या फांद्या. शिडी सरळ उभी होती. बॅगा आधी दोरीने वर घेतल्या आणि मोकळ्या हातांनी चढले. गुडघा धरला नाही. फळीच्या कडेला पाय खाली सोडता येत होते, पण दादांनी अंधार पडल्यावर पाय वर घ्यायला सांगितलं, म्हणून उशीवर टेकून पाय लांब केले आणि रात्रभर आलटूनपालटून तसंच बसले.

सव्वाचारला आम्ही स्थिर झालो. पहिला तास उन्हाने असह्य होता, फळ्या तापलेल्या. पाच वाजता वानरांची टोळी आली, पंधरा मोठी आणि चार पिल्लं, पाण्यात तोंड खुपसायच्या आधी प्रत्येक जण एकदा वर, एकदा मागे बघायचा. साडेपाचला लांडोरी. सहाच्या सुमाराला रानकोंबडा खाली न येता झुडपातूनच ओरडत राहिला. ‘आवाज ऐकू आला, दिसला नाही’ असा शेरा लिहिला. रानपिंगळा दिसेल अशी मला आशा होती. हा छोटा पिंगळा ११३ वर्षं कोणाला दिसलाच नव्हता, १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि नंतर मेळघाटातही आढळला. तो दिवसा वावरतो, म्हणून उजेड होता तोवर दुर्बीण फांद्यांवरून फिरवत होते. नाही दिसला.

सूर्य डोंगराआड लवकर गेला. चंद्रोदय सातच्या आसपास होता, पण आम्ही दरीत असल्यामुळे चंद्र पूर्वेच्या धारेवर यायला पाऊण तास लागला. तो पाऊण तास मला सगळ्यात जड गेला. हात दिसत नव्हता. पानावर पान घासलं तरी पाचोळ्यात कोणी चालतंय असं वाटे. दादांनी ते ओळखलं असावं. प्रत्येक आवाजाला ते हळूच सांगत होते, हा रातवा, हे पान पडलं, हा उंदीर. आवाजाला नाव मिळालं की भीती थोडी कमी होत होती. मग धारेवर उजेड आला, कांडोळाचं एक खोड आधी पांढरं झालं आणि हळूहळू सगळा पाणवठा दिसू लागला. टॉर्चची गरज नंतर फक्त तक्ता लिहायला लागली.

८.१० ला साळिंदर, काट्यांचा खुळखुळाट करत. ९.२० ला अस्वल. आधी आवाज आला, कोणीतरी धापा टाकत उतरतंय असा. दादांचा हात माझ्या मनगटावर आला. “ताई, हलू नका. ते पाण्यावर येऊन राहिलं, आपल्याकडं नाही.” काळं धूड उघड्यावर आलं आणि पाठीवर आणखी एक लहान काळं काहीतरी होतं. पिल्लू. आई पाणी प्यायली ती इतक्या मोठ्या आवाजात की दरी घुमली, पिल्लू पाठीवरून उतरलं, पाण्यात पाय घालून पुन्हा चढलं. बारा मिनिटं होती ती दोघं. जाताना मचाणाच्या खालून गेली. मला तिचा वास आला, उग्र, ओल्या घोंगडीसारखा. त्या बारा मिनिटांत मला भीती वाटली नाही. का नाही वाटली ते सांगता येणार नाही, पण तेव्हापासून सकाळपर्यंत ती पुन्हा आली नाही.

पावणेअकराला सांबराची मादी आणि पाडस झाडोऱ्याच्या कडेला उभे राहिले. मादी पुढचा पाय आपटायची, थांबायची, कान फिरवायची. पाणी समोर असून पस्तीस मिनिटं ती पुढे आली नाही. पाडस दोनदा पुढे झालं, दोनदा तिने मागे घेतलं. शेवटी आली आणि मिनिटभर प्यायली, तेवढंच. दिवसभर तहानलेला जीव इतकी वाट पाहतो, हे मला पुस्तकातून कधी कळलं नसतं.

साडेअकरा ते पावणेदोन काहीच नाही. ही वेळ कठीण. दोन-दोन तासांच्या पाळ्या ठरवल्या होत्या, पण कोणी झोपलं की घोरेल याची धास्ती, म्हणून कुशीवर झोपायचं असं ठरलं. भाचा झोपला, मी जागी. १.५० ला गवे आले, सात, त्यांत दोन वासरं. चांदण्यात अंग दिसतच नव्हतं, पायातले पांढरे मोजे तेवढे चालताना दिसत होते आणि त्यावरून मी मोजले. एवढ्या मोठ्या जनावरांचा पाचोळ्यात आवाज जवळजवळ नाही.

सव्वातीनला वरच्या धारेवर भेकर, म्हणजे एक छोटं हरीण, भुंकायला लागलं. एकसारखं, कुत्र्यासारखं. पाठोपाठ सांबराचा एकच मोठा ‘पोंक’. भाचा ताडकन उठून बसला. दरीच्या पलीकडच्या वाटेवर एक लांबट सावली सरकली आणि बांबूत गेली. “मावशी, बिबट्या! लिही.” मी दादांकडे पाहिलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. “भेडकी (भेकर) खोटं नाही बोलत. कोणीतरी आहे तिथं. पण आपल्याले नाही दिसलं त नाही लिहायचं.” भेकराचं भुंकणं वीस मिनिटं चाललं. मी लिहिलं, ३.२०, अनोळखी, एक, शेरा भेकर व सांबराचे इशाऱ्याचे आवाज. भाच्याला ते लागलं, तो थोडा वेळ गप्प बसला. मग स्वतःच म्हणाला की पट्टे किंवा ठिपके त्यालाही दिसले नव्हते. त्या एका ओळीचा मला सगळ्या तक्त्यात जास्त अभिमान आहे.

पाचला पक्षी बोलायला लागले. शाल लागलीच. पावणेसहाला उजेड झाला आणि दादांनी बॅगा आवरायला सांगितल्या तेवढ्यात पाच कोळसुंदे आले, तांबूस, झुपकेदार काळ्या शेपट्यांचे. पाण्यात चक्क बसले, एकमेकांशी शिट्टीसारखा आवाज करत खेळले, आणि एकाच्या मागे एक चढणीला लागले. रानकुत्र्यांना मी पहिल्यांदाच पाहत होते. वाघापेक्षा ते दिसणं कमी आहे असं मला वाटलं नाही.

गाडी सातला आली. कार्यालयात तक्ता जमा करायचा, त्यावर तिघांच्या सह्या. आमच्या तक्त्यात वाघ नव्हता. दुसऱ्या एका मचाणाच्या लोकांना दिसला होता आणि त्यांचे चेहरे बघण्यासारखे होते. पोहे, चहा आणि सहभागाचं प्रमाणपत्र मिळालं. नावाचं स्पेलिंग तिथेच तपासा, नंतर दुरुस्त करायला परत येणं होत नाही. दादांना निघताना काही द्यावं का, हा प्रश्न मला होता. त्यांचं मानधन विभाग देतो, तरी मी माझी दुर्बीण त्यांना देऊ केली. ती त्यांनी घेतली नाही, राहिलेले शेंगदाणे मात्र मुलीसाठी घेतले.

२४ ला संध्याकाळी बडनेऱ्याहून परतीची गाडी. डब्यात सगळ्यांच्या तोंडी उन्हाचाच विषय, अकोल्यात पारा ४५ च्या वर गेलेला. दुसऱ्या दिवशी पुण्यात बातमी वाचली की अकोल्यात उष्णतेच्या लाटेमुळे ३१ मे पर्यंत कलम १४४ लावलं आहे. म्हणून पुन्हा सांगते, रक्तदाब किंवा साखरेचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या दिवसांत जाऊ नका, आणि गेलात तर औषधं थंड पिशवीत ठेवा.

खर्च पुणे ते पुणे, रेल्वे, एसटी, जीप, लॉज, मचाण धरून दोघांचा वीस हजारांच्या आत झाला. त्यातला मोठा भाग मचाणाचं शुल्क आणि जीप. शुल्क दरवर्षी बदलतं, तेव्हा आकडा त्या वर्षीच्या सूचनेतच बघा. मचाण नाही मिळालं तरी सेमाडोह आणि कोलकासला राहता येतं, जंगल सफारीही होते. चिखलदऱ्याहून गाविलगड किल्ला बघता येतो. तिथून खालच्या दऱ्या पाहिल्या की या मुलखात वाघ दिसणं इतकं अवघड का आहे ते लगेच कळतं. चितळांचे मोठे कळपही इथे सहसा भेटत नाहीत. वाघच बघायचा असा निश्चय असेल तर ताडोब्याला जा, असं मी सरळ सांगेन.

दोनदा वळते झालेले पैसे ११ जूनला परत जमा झाले, मध्ये बँकेला तीन स्मरणपत्रं पाठवल्यावर. प्रत्येक पत्रात व्यवहार क्रमांक आणि तारीख पहिल्या ओळीत लिहिली होती. शाखेतल्या मॅडम म्हणाल्या की स्क्रीनशॉट होता म्हणून हे लवकर सुटलं. भाच्याने आता विभागाच्या स्वयंसेवकांच्या यादीत नाव नोंदवण्यासाठी पत्र लिहिलं आहे. त्याचं उत्तर अजून यायचं आहे.